मनोऱ्याला आलेलं वारं

पवनचक्कीच्या लोखंडी मनोऱ्याला वारं येतं, ही आवई तातेरावानं उठवली. शिरड शहापूरकडच्या त्या गावात अंगात येण्यालाही वारं येणंच म्हणत, त्यामुळे लोकांना ते पटायला वेळ लागला नाही. शिवाय मनोरा खरंच थरथरायचा. मध्यम वारा सुटला की पत्रे खडखडायचे आणि नट ढिले व्हायचे.

"देव सोडलेल्यांच्या दारात उभा केलाय," तातेराव पारावर बसून सांगायचा. "मंग वारं येईल न्हाई तर काय?"

देव सोडलेले म्हणजे बौद्धवाड्यातली माणसं. दुष्काळानंतर सरकारनं वाड्यात बोअर पाडलं आणि त्यावर पाणी उपसायला प्रयोगाची पवनचक्की बसवली, तेव्हापासून तातेरावाच्या जिवाची लाहीलाही होत होती. त्याआधी वाड्यातल्या बाया त्याच्या विहिरीवर हंडा घेऊन उभ्या राहायच्या. त्याच्या घरचं कोणी आलं तर वरून पाणी ओतायचं, नाही आलं तर उन्हात तिष्ठायचं. वाड्यातल्या जनकाबाईचं अर्धं आयुष्य तिथं उभं राहण्यात गेलं होतं. तिला तातेरावाचा मनापासून तिटकारा होता आणि तो ती लपवतही नव्हती.

चक्कीचा साहेब एकदा येऊन ताणाच्या तारा आवळून गेला. "याला वारं कुठून येतं?" असं त्यानं सहज विचारलं, तर चारजण एकदम म्हणाले, "देवीकडून!" साहेबानं कपाळाला हात लावला. पण जाताना बजावून गेला, की पुढच्या खेपेपर्यंत थरथर थांबली नाही, तर चक्की सोडवून सेनगावकडे नेऊ. माणसांच्या डोक्यावर पडली तर जबाबदार कोण?

म्हणजे पुन्हा तातेरावाची विहीर. जनकाबाईला अन्न गोड लागेना.

मग एके सकाळी तातेराव गड्यांना घेऊन वाड्यात आला. बरोबर शेंदरानं माखलेला गोल दगड, मधल्या भोकातून ओवलेली बैलाची साखळी.

"टेकडीवरच्या देवीचा दगड हाय," तो म्हणाला. "पंख्याखाली टांगतो. वारं उतरंल."

जनकाबाई आडवी झाली. "उतारा न्हाई, वजनानं खांब मोडायचा हाय तुमाला."

"ए जनके, बाजूला हो."

गड्यांनी दगड टांगला. दुपारी नेमका तो थरथरवणारा मध्यम वारा सुटला. दगड झोके घेऊ लागला, आणि मनोरा थरथरलाच नाही. तातेरावाचं तोंड उघडंच राहिलं. जनकाबाईनं ते नीट पाहिलं. पण बेरकी माणूस तो, दुसऱ्या क्षणी त्यानं हात जोडले.

"पाहिलं? देवीनं धरला! आता हे पाणी देवीचं. पहिले हंडे आमचे. तुमाला आमची माणसं वरून ओतून देतील."

 वाड्यातला एकजण पुटपुटला, चक्की तर राहील ना. जनकाबाई त्याच्यावर कडाडली, "ऱ्हाईल की! अन् आपण पुन्हा हंडा घेऊन उभं ऱ्हायचं?"

दुसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला, शिडी चढली आणि साखळी सोडून दिली. दगड खालच्या चिखलात आपटला. तेवढ्यात वारा आला आणि तिच्या हाताखालचं लोखंड थरथरायला लागलं. दात वाजायला लागले. ती कशीबशी खाली उतरली, तर समोर साहेबाची जीप उभी.

साहेबानं सगळं ऐकून घेतलं, एकदा मनोऱ्याकडे, एकदा दगडाकडे पाहिलं. "दगड टांगल्यावर थांबलं, बरोबर आहे. पंख्याच्या फिरण्याची लय मनोऱ्याच्या हलण्याशी जुळते, म्हणून थरथर वाढत जाते. टांगलेलं वजन उलट झोका घेतं आणि ती खाऊन टाकतं. हाच दगड, हीच साखळी परत टांगा. चक्की इथंच राहील."

तातेराव हसला. "टांग जनके. हात जोडून टांग."

 टांगावा तर पाणी देवीच्या नावानं त्याचं होणार, न टांगावा तर चक्कीच जाणार. जनकाबाईनं चिखलातला दगड ओढून बाहेर काढला.

"टांगते," ती म्हणाली. "पण धुऊन."

तिनं राख आणि काथ्या आणला आणि तोटीखाली बसून दगड घासायला घेतला. लाल पाणी वाहू लागलं. तातेराव "हात लावू नको!" म्हणून ओरडला, पण साहेबाच्या देखत पुढं यायची त्याची छाती झाली नाही. शेंदराचे पापुद्रे निघाले, आणि खालून टाकी-छिन्नीचे घाव दिसू लागले, मधल्या भोकापासून कडेपर्यंत, ओळीनं.

गर्दीतून तातेरावाची म्हातारी आई, सखुबाई, काठी टेकत पुढं आली. कालपासून ती त्या दगडाला तीनदा हात जोडून गेली होती. वाकून तिनं त्या घावांवरून बोटं फिरवली.

"तात्या," ती म्हणाली, "गोठ्यात पडलेली माझ्या जात्याची खालची तळी ही. देव कवा झाली रे?"

कोणीतरी फस्सकन हसलं. मग हसणं थांबेचना. तातेराव चपला फरफटत निघून गेला.

जनकाबाईनं जात्याची तळी टांगली. वारा आला, तळी हलली, मनोरा उभा राहिला. तिनं तोटीखाली हंडा लावला आणि स्वतःच्या हातानं भरून घेतला.