अकराच्या आधीचे तास

अकराला पाच मिनिटं कमी असली की फाटकाबाहेरची गर्दी आपोआप गप्प व्हायची. कुणी फळांची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचं, कुणी चष्मा पुसायचं, कुणी कडेवरचं पोर खाली उतरवून त्याचे केस सारखे करायचं. या शुश्रूषागृहात भेटीची वेळ दिवसातून एकच होती, अकरा ते बारा. आत चौदा खाटा होत्या आणि त्यांच्यावर डॉक्टरांनी हात टेकलेली चौदा माणसं. इथे बरं व्हायला कुणी येत नसे. शेवटचे दिवस बिनदुखते जावेत, एवढ्याचसाठी येत.

आणि ते बिनदुखते करणारा माणूस म्हणजे हे घर चालवणारे हातवाले दादा. सव्वाअकराला दादा यायचे. पांढरा सदरा, अनवाणी पावलं आणि उजवा हात असा छातीशी धरलेला की त्यात काठोकाठ भरलेली वाटी असावी. पहिल्या खाटेपासून सुरुवात. रुग्ण कण्हत असायचा, पाय झाडत असायचा, घरच्यांच्या डोळ्यांना धार लागलेली असायची. दादा त्याच्या कपाळावर हात ठेवायचे आणि डोळे मिटून बोलायचे, "वेदना म्हणजे काय? वाट चुकलेला पाहुणा. मी त्याला मारत नाही, हाकलत नाही. फक्त दार उघडून देतो."

पाहुणा मोठा आज्ञाधारक होता. दोन-तीन मिनिटांत कपाळावरच्या आठ्या उलगडायच्या, आवळलेल्या मुठी सुटायच्या, कण्हणं थांबायचं. मग दादा दुसऱ्या खाटेकडे, मग तिसऱ्या. चौदाव्या खाटेपर्यंत सारा वॉर्ड शांत. शिकलेसवरलेले लोक त्या हाताला कपाळ लावायचे. चमत्कार दिसला की नमस्कार करायला कुणाला शिकवावं लागत नाही.

गेल्या वर्षी त्या नमस्कार करणाऱ्यांत मेट्रनबाईही होत्या, आणि ते आठवलं की त्यांना आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे. सरकारी इस्पितळात बत्तीस वर्षं काढलेली बाई. त्यांच्या चपलांचा आवाज आला की वॉर्डबॉय विडी विझवायचे. त्यांची धाकटी बहीण पोटाच्या कॅन्सरने या घरात साडेतीन आठवडे होती, सहाव्या खाटेवर. मेट्रनबाई रोज अकराला यायच्या आणि आल्या आल्या पायथ्याला लावलेला औषधाचा तक्ता बघायच्या. मॉर्फिन दर चार तासांनी, सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, आणि असंच पुढे. दहापर्यंतच्या प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण. त्यांचं समाधान व्हायचं.

धाकटी अकराला तळमळत असायची. मेट्रनबाईंना वाटायचं, आजार फार पुढे गेलाय, औषधालाही दाद देत नाही, म्हणूनच हा हात हवा. दादा येऊन गेले की धाकटी गुंगीत जायची. त्या गुंगीत ती दोनदा म्हणाली होती, "ताई, एकदा सकाळी ये ना."

"सकाळी आत सोडत नाहीत गं," मेट्रनबाई म्हणाल्या होत्या. "नियम आहे त्यांचा."

जन्मभर नियम पाळणाऱ्या माणसाची चूक ही अशी असते. तो बहिणीच्या तोंडाकडे न बघता तक्त्याकडे बघतो.

धाकटी गेल्यावर तिचं सामान एका पिशवीत आलं. कंगवा, चष्मा, दोन गाऊन आणि एक निळा टॉवेल. धुवायला काढताना टॉवेलचं एक टोक मेट्रनबाईंच्या हाताला खरखरीत लागलं. उजेडात धरून बघितलं तर ते टोक चावून चावून झिजलेलं होतं, धागे सुटलेले, मध्ये दातांनी पडलेलं भोक. एका दिवसाचं काम नव्हतं ते. आणि चार तासांनी मॉर्फिन मिळणारा माणूस टॉवेल चावत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं? त्या तशाच मोरीत खाली बसल्या. टॉवेल त्यांनी धुतला नाही.

त्या दिवसापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती. या माणसाला भरल्या वॉर्डात उघडं पाडायचं. तक्रार करून भागणार नव्हतं, तक्रारी फायलीत मरतात. अशा घरांचा दर्जा तपासून श्रेणी देणारी आरोग्य खात्याची एक समिती असते, आणि तिच्यात एक निवृत्त परिचारिका घ्यावी लागते. मेट्रनबाईंनी अर्ज केला. नाकारला. पुन्हा केला. तिसऱ्यांदा त्या स्वतः खात्यात जाऊन साहेबाच्या टेबलासमोर तीन दिवस बसल्या. सुंठीवाचून खोकला जावा म्हणून साहेबाने सही केली.

समितीचं पत्र आलं तेव्हा त्यांना पुढचं कळलं. या घराला वरची श्रेणी मिळाली की अशीच आणखी पाच घरं दादांच्या हाती द्यायची, असं खात्याने जवळजवळ ठरवलं होतं. म्हणजे साऱ्या शहरातली मरणाला टेकलेली माणसं त्या एका हाताखाली.

"तपासणी अकराला आहे," समितीचे डॉक्टर म्हणाले. चांगला माणूस, पण झोपेचा लाडका.

"आपण पावणेसहाला जायचं."

"अहो, पत्रात अकरा लिहिलंय."

"पत्रात लिहिलंय म्हणूनच," मेट्रनबाई म्हणाल्या.

पावणेसहाला खात्याचं ओळखपत्र बघून पहारेकऱ्याने फाटक उघडलं. वॉर्डाचं दार ढकलण्याआधीच आवाज कानावर आला, आणि डॉक्टरांची जांभई अर्ध्यावर राहिली. चौदा माणसं एकाच वेळी कण्हत होती. पहिल्या खाटेवरची आजी गुडघे पोटाशी घेऊन पुढेमागे झुलत होती. चौथ्या खाटेवर एक म्हातारे बस ड्रायव्हर होते. त्यांनी चादरीचं टोक तोंडात कोंबलं होतं.

मेट्रनबाईंनी ते टोक बघितलं आणि क्षणभर त्यांना दुसरं काही दिसेना. मग त्यांनी पायथ्याचा तक्ता काढून डॉक्टरांच्या हातात दिला.

"किती वाजले, डॉक्टर?"

"पाच पन्नास."

"सहाच्या चौकोनात काय आहे?"

खूण होती. दहाच्या चौकोनातही होती. पान उलटलं तर उद्याच्याही सहाच्या आणि दहाच्या खुणा तयार. कोपऱ्यातल्या टेबलाशी रात्रपाळीची सिस्टर उभी होती, पन्नाशीची, केस पांढरे झालेली. तिचा चेहरा उतरला होता. कधीकाळी ती मेट्रनबाईंच्याच हाताखाली शिकली होती.

"शेवटचा डोस कधी दिलास?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"रात्री दहाला."

"रात्री दोनचा?"

सिस्टरने नकारार्थी मान हलवली.

"आत्ता सहाचा?"

"दादा म्हणतात, पहाटे शरीर रिकामं हवं. नाहीतर हात लागू पडत नाही." सिस्टर म्हणाली. "पावणेअकराला मधातून एकेक चमचा द्यायचा. पहिल्या खाटेपासून, ओळीने. नातेवाइकांना फाटक उघडायच्या आधी."

"आणि ते सव्वाअकराला येतात. तेही पहिल्या खाटेपासून, ओळीने."

"हो."

मॉर्फिन तोंडाने दिलं की अर्ध्या तासात दुखणं ओसरू लागतं. हे कुठल्याही सिस्टरला माहीत असतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते म्हणतात. इथे फांदी अर्धवट कापून ठेवलेली होती आणि कावळ्याला वेळ कळवलेली होती.

"तुला मी काय शिकवलं होतं?" मेट्रनबाई म्हणाल्या.

"औषध घड्याळावर द्यायचं. माणूस ओरडायची वाट बघायची नाही."

"मग कपाट उघड. आणि तुझा फोन टेबलावर ठेव. अकरापर्यंत तू इथेच थांबणार आहेस."

डॉक्टरांनी एकेकाला तपासलं, मात्रा ठरवली, सही केली. साडेसहाला वॉर्डातला आवाज उतरायला लागला. सातला आजीने पाय लांब केले. दहाचा डोस दहाला दिला गेला. ड्रायव्हरकाकांनी वर्तमानपत्र मागितलं आणि पहिल्या पानावरच्या पुढाऱ्याला एक शिवी हासडली. वॉर्डात महिनोन्महिन्यांत कुणी असं मोकळ्या तोंडाने बोललं नव्हतं.

"पुरावा मिळाला," डॉक्टर म्हणाले. "आता ऑफिसात जाऊन अहवाल लिहू."

"अहवाल लोक वाचत नाहीत. दादांना कुणीतरी अडकवलं, असं म्हणतील आणि उद्या पुन्हा पायावर डोकं ठेवतील. मला तो माणूस इथे हवाय. त्यांच्यासमोर."

आपल्या आवाजात न्यायापेक्षा सूड जास्त आहे हे मेट्रनबाईंना कळत होतं. त्यांची हरकत नव्हती.

फाटक उघडलं आणि माणसं नेहमीसारखी रडवेली होऊन आत आली ती दारातच थबकली. आजी चहात बिस्किट बुडवत होती. ड्रायव्हरकाका उशीला टेकून बसले होते. त्यांची सून पदर तोंडाला लावून म्हणाली, "बाबा, तुम्ही बसलात?"

"बसलोय की. बसलेला माणूस बघितला नाहीस कधी?"

सव्वाअकराला दादा आले. भरलेली वाटी छातीशी होतीच. दादा अकरापर्यंत साधनेत असतात, तोवर त्यांना कुणी हाक मारायची नाही, अशी समजूत होती. साधना घोरत होत असावी, कारण सकाळपासून काय घडलं याचा त्यांना पत्ता नव्हता. ते आजीपाशी आले.

"आई, कुठे दुखतंय?"

"आज नाही दुखत," आजी म्हणाली. "बिस्किट घ्या."

दादांचा हात हवेतच राहिला. ते दुसऱ्या खाटेकडे गेले, तिसऱ्या गेले. कुठेच पाहुणा नव्हता, मग दार कुणासाठी उघडायचं? पण मुरलेला माणूस. त्यांनी सावकाश डोळे मिटले, उघडले आणि गर्दीकडे वळून म्हणाले, "आज पहाटे ध्यानात मी या चौदाही जणांच्या कपाळावर हात ठेवला. घरात बसून. आता या हाताला अंतर उरलं नाही."

वॉर्डात कुजबुज झाली. दोघेतिघे खाली वाकले. ड्रायव्हरकाकांची सून जमिनीला डोकं टेकायला निघाली.

मेट्रनबाई पुढे झाल्या. सकाळपासून त्या हातात तक्ते धरून बसल्या होत्या.

"घरात बसून हात ठेवता येतो?"

"श्रद्धा असेल तर."

"मग काल का नाही ठेवलात?"

दादा हसले. "बाई, तुम्हाला कळणार नाही."

"परवा का नाही ठेवलात? ही माणसं रोज पहाटेपासून चादरी चावतायत. तुम्हाला घरबसल्या थांबवता येत होतं तर रोज अकरापर्यंत कशाला तडफडवलंत? प्रेक्षक यायचे होते म्हणून?"

आता दोनच उत्तरं शक्य होती. एक तर हातात काही नाही, किंवा आहे आणि हा माणूस कसाई आहे. वाकलेली माणसं हळूहळू सरळ झाली.

मेट्रनबाईंनी उद्याच्या खुणा असलेला तक्ता समोरच्याच्या हातात दिला आणि तो हातोहात फिरू लागला. रात्रपाळीची सिस्टर न विचारता बोलायला लागली. रात्री दोनचं, सहाचं, पावणेअकराच्या चमच्याचं, सगळं. आराम दिला औषधाने, नाव झालं हाताचं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे पुष्कळ बघितलेत, पण पीठ लपवून माणसाला आधी उपाशी मारणारा हा पहिलाच.

ड्रायव्हरकाकांनी सुनेकडे बघितलं. "तुला सांगितलं होतं मी. पहाटे फार दुखतं म्हणून. काय म्हणालीस?"

सून म्हणाली, "दादांवर शंका घेऊ नका, असं म्हणाले मी, बाबा."

"मी लोकांना धीर दिला," दादा म्हणाले. आवाजातला मध संपला होता. "श्रद्धा दिली."

मेट्रनबाईंनी पिशवीतून निळा टॉवेल काढला आणि चावलेलं टोक वर येईल असा सहाव्या खाटेच्या कठड्यावर पसरला.

"माझी बहीण इथे होती. साडेतीन आठवडे. हा तिने पहाटे चावलेला टॉवेल. ठेवा हात."

दादा मागे सरले. मागे माणसं होती आणि ती बाजूला झाली नाहीत.

"ठेवा," ड्रायव्हरकाकांची सून म्हणाली. मघाशी जमिनीला डोकं टेकायला निघालेली ती आता ताठ उभी होती. "रोज ठेवता ना? आज यावर ठेवा."

सगळ्या वॉर्डासमोर त्या माणसाने हात पुढे केला. झिजलेल्या धाग्यांना बोटं लागली तसा त्याने विस्तव लागल्यासारखा मागे ओढला. मेट्रनबाईंनी मनगट धरलं आणि हात तिथेच दाबून ठेवला. बत्तीस वर्षं रुग्ण उचललेली मूठ होती ती. डॉक्टरांनी बोलावलेले पोलीस येईपर्यंत सुटली नाही.

पाच घरांचा विचार खात्याने गुंडाळला. हे घर खात्याच्या वतीने डॉक्टरांनी ताब्यात घेतलं, फाटकावरची भेटीच्या वेळेची पाटी काढली आणि नातेवाइकांना केव्हाही आत सोडायला लावलं. सिस्टरवर चौकशी बसली. मेट्रनबाई रोज सकाळी सहाला तिथे जातात. धाकटीने बोलावलेल्या वेळेला त्या वर्षभर उशिरा पोचल्या, आणि सूड घेऊनही तो उशीर भरून निघाला नाही. हे त्या कुणापासून लपवत नाहीत.

तेव्हा आपलं माणूस अशा घरात ठेवायची वेळ आली, आणि ती कुणावरही येते, तर तिथे कोण महाराज येतो आणि भिंतीवर कुठलं प्रमाणपत्र आहे हे विचारू नका. तासभरच आत सोडत असतील तर उरलेल्या तेवीस तासांत काय होतं ते विचारा. शेवटचा डोस किती वाजता दिला हे सिस्टरला विचारा, आणि तेच खाटेवरच्या माणसालाही विचारा. दोन उत्तरं जुळली नाहीत तर माणसाचं खरं धरा. दुखणं औषधाने थांबतं, वेळेवर दिलं तर. त्यात कसलाही चमत्कार नाही. आणि तुमच्या माणसाने म्हटलं की एकदा सकाळी ये, तर नियम सांगत बसू नका. जा.