चार वर्तुळांचा शिक्का

शंकररावांनी सकाळचा चहा तसाच निवू दिला, तेव्हाच शारदाबाईंना कळलं की आज काहीतरी बिनसलंय. डोणगावच्या पोस्टातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस चहाच्या बाबतीत कुणाची भीड ठेवत नसे.

टेबलावर जर्मनीच्या जुन्या तिकिटांचा अल्बम उघडा होता. जर्मनी एक व्हायच्या आधी तिथल्या संस्थानांची आपापली तिकिटं होती, आणि एका खानदानाचं तर स्वतःचं टपालखातंच होतं. त्यांच्या शिक्क्यात चार वर्तुळं आणि मधे आकडा, पोस्टागणिक वेगळा. त्यांची न वापरलेली तिकिटं ढिगानं उरून स्वस्त झाली आणि वापरलेल्यांना भाव आला, म्हणून लबाड लोक कोऱ्या तिकिटांवर खोटा शिक्का मारून ती वापरलेली म्हणून खपवतात. असला शिक्का शंकरराव लांबूनच ओळखत. कुणी कौतुक केलं की, "जन्मभर शिक्केच मारले, दुसरं येते काय मले," म्हणत आणि मनातून फुलून जात. संसारात मात्र त्यांची नजर इतकी तेज कधीच नव्हती.

"हे पाय," त्यांनी भिंग पुढे केलं. "शाई कागदात मुरलीच नाही, वरच बसली हाये. वर्तुळ एका अंगानं दबलं. अन् आकडा पाय. एवढी पोस्टंच नव्हती त्याहिची. माह्या कोऱ्या तिकिटांचं पानच्या पान नासवलं कोणीतरी."

शारदाबाईंनी पाहिलं. ४४३. डोणगावचा पिनकोड याच आकड्यांनी सुरू होतो. काल धुणं भिजवताना यांच्या सदऱ्याच्या खिशात वर्तुळं कोरलेलं खोडरबर निघालं होतं, काळ्या शाईनं माखलेलं. नातवंडांचं असेल म्हणून त्यांनी ते फेकून दिलं, आणि नातवंडं तर दिवाळीनंतर आलीच नव्हती. हल्ली हे जेवण झाल्यावर पुन्हा ताटावर येऊन बसत, गल्लीच्या तोंडाशी येऊन घर विचारत. वय झालं, असं त्या स्वतःला समजावत होत्या. कोरं तिकीट समोर आलं आणि जन्माची सवय असलेला हात चालला, एवढंच झालं होतं.

"शेषरावच," शंकरराव म्हणाले. "त्याच्याशिवाय या अल्बमले हात लावते कोण? येऊ दे आज. उंबरठ्यावरूनच वापस धाडतो."

शेषराव अमडापूरचे. तिकिटांच्या नादातले बाकीचे दोस्त एकेक करून यायचे थांबले, हे तेवढे दर रविवारी येत. तेही तुटले तर या माणसाशी तिकिटांचं बोलायला घरात फक्त भिंती उरणार होत्या.

"त्याहिले काऊन बोलता?" शारदाबाई म्हणाल्या. "म्याच मारले."

"तू?"

"हाव. कोरी दिसली, मले वाटलं तुमच्याकडून राहून गेली."

शंकररावांनी भिंग खाली ठेवलं. भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस, पण आज आवाज चढलाच नाही. त्यांनी बायकोच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे. होते असं. तू काळजी नको करू, मी हाये न." इतकं मऊ ते उभ्या संसारात कधी बोलले नव्हते. शारदाबाईंना रडू आवरलं नाही.

दुपारी शेषराव आले. आतल्या खोलीत दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत बसले. शारदाबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं, जाताना फाटकाशी गाठून सगळं खरं सांगायचं, यांना दवाखान्यात न्यायला मदत मागायची. शेषराव निघाले तशा त्या मागोमाग गेल्या.

"भाऊजी, एक सांगाचं होतं. ह्याहिचं डोकं हल्ली..."

शेषरावांनी त्यांचा हात अलगद धरला. "समदं सांगतलं मले शंकररावानं. रडून राह्यला होता बिचारा. आपण तुम्हाले दाखवू दवाखान्यात, वहिनी."

"मले नाही हो, ह्याहिले."

"हो, हो," शेषराव म्हणाले. मग जरा वाकून, एकेक शब्द मोठ्यानं आणि सावकाश उच्चारत त्यांनी विचारलं, "मी शेषराव हाये. अमडापूरचा. ओयखलं न मले?"