चार हात उजवीकडे

जमा करताना मिळालेली पावती साईनाथने न वाचताच खिशात कोंबली होती. निवडणूक आली की परवानेवाल्यांनी बंदुका पोलीस ठाण्यात ठेवायच्या आणि निकाल लागला की परत न्यायच्या, हे दर खेपेचंच. रायफल परत घेताना त्याने पावती उघडली आणि त्याचे कान तापले. वर्णनाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘रायफल एक. जुनी, गंजलेली. नळीत माती.’

"साहेब, ही माती नाय. कुंभारमाशीचं घर हाय."

"मग तसं लिहू का?" हवालदाराने पेनाचं टोपण काढलं. "रायफल एक, माशीसकट?"

ठाण्यातली सगळी मंडळी खदखदून हसली. साईनाथने रायफल गोधडीत गुंडाळली आणि मोटरसायकलला किक मारली.

ही काही ऐरीगैरी बंदूक नव्हती. सत्तर वर्षांपूर्वी त्याच्या आजोबांनी, दशरथ यांनी, कोंडाण्याच्या शिवारात ऐंशी पावलांवरून बिबट्या लोळवला होता तो हिनेच. ओटीवर फोटो होता : पुढ्यात बिबट्या, हातात रायफल, डोळे मात्र विस्फारलेले. मोहोपाड्याच्या केमिकल कंपनीत साईनाथ फिटर होता. जेवणाच्या सुट्टीत त्याने ही गोष्ट इतक्यांदा सांगितली होती, की ‘दोन डोळ्यांच्या मधोमध’ हे शब्द आता कँटीनवालाच आधी म्हणून टाकायचा.

"आजोबा गेले तवापास्नं तिला तेलाचा थेंब तरी दाखवलाय का तुमी?" घरी रुचिताने, त्याच्या बायकोने, विचारलं. "गोष्ट तेवढी रोज पुसून लखलखीत!"

पुढच्या सुट्टीला साईनाथ परवाना घेऊन खालापूरला रमजानचाचांकडे गेला. बंदूक दुरुस्तीचा रीतसर परवाना असलेले ते पंचक्रोशीतले एकटेच. वय सत्तरच्या पुढे, चष्मा दोऱ्याने गळ्यात. त्यांनी गोधडी उलगडली, रायफलीकडे पाहिलं, मग साईनाथकडे पाहिलं.

"शरम वाटती काय रं?"

"वाटती, चाचा."

"मंग हो कामाला. लोखंडाचं मी बघतो, लाकूड तुझ्याकडं."

तीन रविवार साईनाथ चाचांच्या पडवीत बसून दस्ता घासत होता. आधी पॉलिश पेपर, मग जवसाचं तेल, मग नुसता तळहात. चाचांनी नळी रॉकेलमध्ये भिजत ठेवली, माशीचं घर सळईने काढलं, गंज खरवडला. घड्याळाचे भाग मांडावेत तशी एकेक कळ फडक्यावर मांडून पुसली. तिसऱ्या रविवारी दस्त्यातून शिसवाच्या रेघा वर आल्या, तेव्हा साईनाथला उगाचच भरून आलं. आपल्या हाताने एवढी देखणी वस्तू त्याने जन्मात केली नव्हती.

तेवढ्यात चाचा नळी खिडकीकडे धरून एका डोळ्याने आत बघत म्हणाले, "अरे, ही तर वाकडी हाय."

"तुमी वाकडी केली?"

"माझ्या जन्माआधीची वाकडी असंल. हे बघ, बाकाच्या आत गंज पण जुना. ऐंशी पावलांवर ही चार हात उजवीकडं मारणार."

साईनाथ उठून उभा राहिला. "चाचा, आजोबांनी ऐंशी पावलांवरून दोन डोळ्यांच्या मधोमध..."

"मारली असंल की. मी कुठं नाय म्हणतो?" चाचांनी नळी खाली ठेवली. "एवढंच, की त्यांचा नेम त्या डोळ्यांवर नव्हता."

दोन दिवस कँटीनमध्ये साईनाथने गोष्टीचा विषय निघू दिला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या पानातली भाकरी तशीच राहिली, तेव्हा रुचिताने खोदून खोदून विचारून घेतलं आणि मग पदर तोंडात धरून हसली.

"हसतीस काय गं?"

"अवो, त्या दिवशी तिथं हजर असलेलं माणूस अजून जित्तं हाय. चला की अंबूबाईकडं."

अंबूबाई शेवटच्या घरातली. तेव्हा अकरा वर्षांची होती, आता ऐंशी उलटली. अंगणात वाल सोलत बसलेली. साईनाथने वाकड्या नळीचं सांगितलं तशी तिने सूप बाजूला सारलं.

"आता सांगते बाबा. तुझा आजा गेला, माझा बा गेला, मी तरी किती ठेवू पोटात? माझा बा न् तुझा आजा, दोघंबी शेतात राखणीच्या माळ्यावर होते. मी चहा घेऊन गेलेली. फटफटीत उजाडलेलं. भातात डुक्कर शिरलेलं. दशरथदादानं डुकरावर नेम धरला न् बार काढला. डुक्कर पळालं. आन् चार हात पल्याड गवतातनं बिबट्या पडला धाडकन!"

"म्हंजे बिबट्या..."

"कुणाला ठावं होतं तिथं बिबट्या हाय ते? तोबी डुकरासाठीच दडून बसलेला. दशरथदादा इतका घाबरला, इतका घाबरला, की माळ्यावरनं उतरंना. रडत म्हणला, मी मारलाच नाय, दुसऱ्या कुणी तरी मारला. लोकांनी खांद्यावर घेतला तरी वरडत होता, डुकरावर मारली रं, डुकरावर! ऐकतो कोण? मंग कर्जतचा फोटोवाला आला. फोटो आल्यावर दादा गप झाला."

साईनाथने ओटीवरच्या फोटोतले ते विस्फारलेले डोळे आठवले. इतकी वर्षं तो त्यांना शौर्याचं तेज म्हणत आला होता. त्याला हसू फुटलं, ते आवरेना. रुचिता हसली, अंबूबाईचे वाल अंगणभर सांडले.

पुढच्या रविवारी चाचांनी विचारलं, नळी सरळ करू की आजाची आठवण म्हणून तशीच ठेवू? साईनाथ म्हणाला, सरळ करा. चाचांनी ती शिकंज्यात धरून, कैकदा खिडकीकडे बघत, केसाकेसाने सरळ केली. भात पोटरीला आलं तेव्हा एका सकाळी शेतात डुकरं शिरली. साईनाथने बांधावर उभं राहून आभाळात बार काढला. डुकरं पळाली आणि दस्त्याच्या दणक्याने साईनाथ मागच्या मागे चिखलात बसला. रुचिताने त्याचाही फोटो काढला.

आता कँटीनमध्ये तो नवी गोष्ट सांगतो. आधी दोन-चार जण ऐकायचे, आता पलीकडच्या शिफ्टवालेही थांबतात. परवा गावातल्या पारावर सांगताना त्याने डुक्कर रेड्याएवढं केलं आणि त्याला हातभर सुळे लावले. वाटेने चाललेली अंबूबाई काठी टेकून थांबली.

"साईनाथ, पिल्लू होतं रं ते," ती म्हणाली. "बरं, पुढं सांग. तुझा आजा माळ्यावर रडला, ते नीट सांग."