बांधणीस गेलेले अहवाल

"या ग्रंथालयातील प्रत्येक कागद प्रत्येक नागरिकास खुला आहे," असे ग्रंथपालांनी चौकशी समितीला लेखी कळवले. वाक्य सुबक आहे. त्यात खरे एवढेच, की ग्रंथालय आहे आणि कागदही आहेत.

दगड फोडण्याच्या कारखान्यातील धुळीच्या मोजणीचे अकरा अहवाल येथे जमा आहेत. अन्यत्र प्रत नाही. त्या कारखान्यात वीस वर्षे राबलेल्या एका कामगाराची फुप्फुसे निकामी झाली. भरपाईच्या सुनावणीत धूळ किती होती, हे सिद्ध करणे त्याच्याच गळ्यात पडले. त्याला जिना चढवत नव्हता, म्हणून शिवणकाम करणारी त्याची बहीण खेटे घालत राहिली. सहाही वेळा उत्तर एकच: अहवाल बांधणीस गेले आहेत.

सहाव्या खेपेला ती ग्रंथपालांसमोर उभी होती आणि मी शेजारच्या टेबलाशी वाचत होतो.

"अहो साहेब, सोमवारी सुनावणी आहे. बांधणी आहे की बाळंतपण? नऊ महिने झाले!"

"बाई, आवाज खाली. आणि त्यातलं काही कळणार आहे का तुम्हाला?"

"मला नाही तर वकिलाला कळेल. आधी द्या तरी!"

"नियम आहे."

कोणता, ते त्यांनी सांगितले नाही. तो नव्हताच.

मी मागच्या गल्लीतल्या बांधणीवाल्याकडे गेलो. पुठ्ठ्याला खळ लावता लावता तो म्हणाला, "ग्रंथालयाचं काम? दोन वर्षांत चिटोरं आलेलं नाही."

मी त्याच दिवशी चौकशी समितीकडे तक्रार केली. समितीने तत्परतेने बुधवारची तारीख दिली. सोमवारी कामगाराचा दावा पुराव्याअभावी फेटाळला गेला.

बुधवारी समितीने ग्रंथपालांचे खासगी कपाट उघडले. अकराही अहवाल तिथे रेशमी फडक्यात गुंडाळलेले होते. प्रती काढायला तासही लागला नसता. शेजारी त्यांच्या आगामी ग्रंथाचे चारशे पानी हस्तलिखित होते. विषय: धूळ आणि कामगारांचे आरोग्य. अर्पणपत्रिकाही तयार होती, कामगारांनाच.

बहीण दारात उभी होती. "का लपवलेत हो?" एवढेच तिने विचारले.

ग्रंथपालांचे उत्तर इतिवृत्तात शब्दशः नोंदले आहे: "लपवले नाहीत, जपले. वाचायला दिले असते, तर माझं पुस्तक येण्याआधीच त्यात काय आहे ते सगळ्यांना कळलं असतं."