बिल्डिंगची फर्माईश

आमच्या आळीचा रिवाज असा, की नवऱ्याची मिरवणूक चर्चकडे निघाली की वाटेतल्या प्रत्येक घरानं बँडला एक गाणं सांगायचं. ते वाजवल्याशिवाय बँडनं पुढं सरकायचं नाही. सरकला तर त्या घराचा मान मोडला. माझ्या लग्नात हे फार सोपं होतं. आळीत रेडिओ एकच, म्हणून आवडही एकच. सगळी घरं तेच गाणं सांगायची. ते वाजवत बँड असा सुटला, की मी चर्चमध्ये पोचलो तेव्हा नवरी घरी अंघोळीचं पाणी तापवत होती.

आता माझ्या पुतण्याचं, ऑस्करचं ऐका. त्याचं लग्न रविवारी दुपारी चारला. पुढच्या बुधवारी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळ सुरू. मग ईस्टरपर्यंत लग्न नाही. त्यात ऑस्करच्या मागं आणखी जोड्या रांगेत. फादरनी बजावलं होतं, "चारला दार लावणार. उशीर केलास तर ईस्टरनंतर ये." त्याच्या नवरीनं, पॉलिननं, पुढचं सांगितलं, "ईस्टरपर्यंत मी थांबेन. पण तुझ्यासाठीच थांबेन असं समजू नकोस हां."

म्हणून आम्ही चांगले वेळेआधी निघालो. पहिलंच घर ग्रेसी मावशीचं. नव्वदीची बाई, म्हणून बँडमास्टर स्टॅनीनं न विचारताच भक्तिगीत धरलं. मावशीनं काठी आपटली.

"ते मी मेल्यावर वाजव रे! आता ते कोरियाच्या पोरांचं वाजव. काय नाचतात मेली!"

"मावशी, तुला कोरियन कळतं?"

"चर्चमधली लॅटिन मिसा तरी कुठं कळायची? ऐकलीच ना इतकी वर्षं?"

स्टॅनीची माणसं हुशार. मोबाइल कानाला लावायचा, एकदा ऐकायचं की वाजवायचं. वाजवलं. पुढं शांताराम गुरुजींचं घर. दारात तुळस, कपाळाला गंध. स्टॅनी अभंगाच्या तयारीत. गुरुजी म्हणाले, "नाताळचं एखादं होऊ दे."

"गुरुजी, फेब्रुवारी चाललाय!"

"डिसेंबरात तुमच्या फटाक्यांत मला काही ऐकू येत नाही."

तेही वाजवलं. मग आलं ते वळण, जिथं पूर्वी रिचर्डची केळीची वाडी होती. वाडीला फाटक एक, म्हणून गाणं एक. आता तिथं सात मजली बिल्डिंग. आणि आमचा ऑस्कर स्वभावानं इतका गोड, की मजल्यामजल्यावर जाऊन, प्रत्येक दाराची बेल दाबून सगळ्यांना आमंत्रण देऊन आलेला. रिवाजही समजावून आलेला! प्रत्येक गॅलरी भरलेली.

"कव्वाली!" साताऱ्याहून आलेली संपदा वहिनी ओरडली.

"मास्टर, रॅप!" तिची सासू वरून.

"भोजपुरी!" "गरबा!" "गझल, पण हळुवार!" एका गॅलरीत नवरा-बायकोचंच जुंपलं, घर एक, आवडी दोन.

ऑस्करनं घड्याळ पाहिलं आणि कोटाच्या बाहीनं कपाळ पुसलं. "सॅन्टन काका, मी एकटाच पळत जाऊ?"

"पळ. उद्या यांच्या तोंडाकडं बघशील? तूच बोलावलंयस ना?"

"मग काय करू? ईस्टर आलाच म्हणून समजा!"

स्टॅनीनं टोपी मागं सरकवली. "कोणाचा मान मोडायचा नाही, बरोबर? मग सगळं वाजेल. एकदम!" क्लॅरिनेटला कव्वाली, सॅक्सोफोनला गझल, ट्रम्पेटला रॅप, ड्रमला गरबा. ज्याला काही उरलं नाही त्याला भोजपुरी. "आणि चालत राहा रे!"

आता तुम्ही म्हणाल, गोंगाट झाला असेल. अजिबात नाही. प्रत्येकाच्या कानात बरोबर आपलंच गाणं शिरत होतं. संपदा वहिनी टाळ्या वाजवत होती, सासू मान झटकत होती. भांडणारं जोडपं एकाच तालावर नाचत होतं, विचारलं तर दोघांनी वेगवेगळी गाणी सांगितली. रिचर्डच्या कोंबड्यानं अंडं घातलं. खोटं वाटतं? मी ते खाल्लंय. सगळी बिल्डिंग खाली उतरली आणि बँडमागं आली.

चर्चच्या दारात फादर मनगटावरचं घड्याळ बघत उभे, हात कडीवर. पण ओरडायचं सोडून ते मान तिरकी करून ऐकत होते. "स्टॅनी, मधेच ते गझलसारखं काय होतं रे?"

"गझलच, फादर."

"हं. नंतर सबंध ऐकव. आता आत व्हा."

आत पॉलिननं पुष्पगुच्छातून ऑस्करकडं असं पाहिलं, की त्याला मंडळी दिसेनात, मी दिसेना. फादरनी पुस्तक उघडलं, चष्मा लावला आणि विचारायला नुसतं तोंड उघडलं.

"हो!" ऑस्कर म्हणाला.

"अरे, अजून मी विचारलं नाही!"

"असू दे फादर," पॉलिन म्हणाली, "माझंपण हो. लिहून घ्या."