लबाड टेप आणि एकशे चौदा पायऱ्या

पोटच्या पोरीनं भर रस्त्यात बापाला बसमधून खाली उतरवलं, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण उतरवला गेलेला बाप मीच होतो, तेव्हा बोलायची सोय राहिली नाही. बरं, ती बसमध्ये बसलेली नव्हती. बस तीच चालवत होती! स्टिअरिंगवर जे हात होते तेच हात धरून मी तिला चालायला शिकवलं होतं. तिथंच चुकलं.

"बाबा, उतरा," ती म्हणाली. "दुकानासमोरून पायऱ्या जातात घराकडे. त्या चढा."

"मी तिकीट काढलंय!"

"पैसे देते परत. उतरा."

"अगं, बाप आहे मी तुझा!"

"म्हणून तर सांगतेय. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं का?"

मागची सोळा माणसं खदाखदा हसली. मोजली मी. त्यातल्या अकरा जणांच्या विजारी मी शिवलेल्या होत्या. तरीही हसली. कृतघ्न!

आमची वस्ती उतारावर आहे. खाली बाजाररस्ता, तिथं माझं शिंप्याचं दुकान. वर टेकाडावर घर. मध्ये एकशे चौदा दगडी पायऱ्या. बस मात्र मोठा वळसा घालून अकरा मिनिटांत वर पोचते. गेली बारा वर्षं मी बसनंच येत-जात होतो, आणि त्याचा परिणाम म्हणाल तर माझं पोट माझ्याआधी पाच मिनिटं दुकानात पोचायचं. मी आत येईपर्यंत त्यानं एखाद्या गिऱ्हाइकाला खुर्ची दिलेली असायची.

हे सगळं उपटलं एका कोटावरून. नवऱ्या मुलाचा कोट कापत होतो. तासभर कटिंग टेबलापाशी उभं राहिल्यावर गुडघ्यानं दगा दिला, तोल गेला आणि कात्री उजव्या बाहीतून थेट छातीपर्यंत गेली. डॉक्टर म्हणाले, पायांना गंज चढलाय, रोज चाला. त्यांच्या भिंतीवर एक पोस्टर होतं. त्यात एक तरणाबांड गडी दात काढून पळत होता. पळताना हसतं का कुणी? मी जन्मात पाहिलं नाही. माझ्यामागं एकदा कुत्रा लागला होता तेव्हा मी पळालो, पण हसत होता तो कुत्रा.

घरी आल्यावर मायलेकींनी निकाल लावला. तीन महिने. तीन महिन्यांनी मी एकशे चौदा पायऱ्या एकदाही न बसता चढून दाखवायच्या. जमलं तर दुकान माझं. नाही जमलं तर दुकानाला कुलूप, आणि जागा शेजारच्या लाँड्रीवाल्याला. हा लाँड्रीवाला दोन वर्षं माझ्या दुकानाकडे मांजरानं दुधाकडे बघावं तसा बघत होता.

"अहो, कात्री पायावर पडली असती तर?" बायको म्हणाली.

"पडली का?"

"पडायची वाट बघू का?"

मी तीन महिने कबूल केले.

तर त्या संध्याकाळी बस निघून गेली आणि मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तो निव्वळ रागानं. रागात बरंच बळ असतं. माझा राग सदतीस पायऱ्या पुरला. सदतिसाव्या पायरीवर एक मांजर झोपलेलं होतं, त्याच्या शेजारी मी बसकण मारली. माझा श्वास असा घोंघावत होता की वरच्या गल्लीतल्या बायकांनी वादळ आलं समजून दोरीवरचे कपडे काढले. खोटं वाटत असेल तर विचारा त्यांना. दोन चादरी तर उडूनच गेल्या.

आणि तिथंच माझ्या डोक्यातला तो बोलायला लागला.

तो म्हणजे नकोबा. नाव मीच ठेवलंय. माझ्या डोक्यात तो कधीपासून मुक्कामाला आहे, आठवत नाही. काम एकच, नन्नाचा पाढा म्हणणं. आवाज गोड. "मास्तर," म्हणतो, "हे काय वय आहे का? बारा वर्षांत जे झालं नाही ते तीन महिन्यांत होणार आहे का? उगीच छातीत कळ आली म्हणजे? आज राहू द्या. उद्यापासून नीट सुरू करू." उद्या! या माणसानं माझे चार हजार उद्या खाल्लेत, ढेकरसुद्धा दिलेला नाही.

पहिले दोन आठवडे मी त्याच्याशी भांडलो. मोठ्यानं. लोक वळून बघायचे. "का जमणार नाही?" मी ओरडायचो, आणि तो शांतपणे कारणं मोजायचा. त्याच्याकडे कारणांना तोटा नाही. वाद घालता घालता माझा दम संपायचा आणि सदतिसाव्या पायरीवर मी मांजराशेजारी बसायचो. मांजरानं तर माझ्यासाठी जागा सोडून झोपायला सुरुवात केली होती. अपमान म्हणतात तो हाच.

मग एके दिवशी दुकानात एक कटकटं गिऱ्हाईक आलं. कॉलर अशी का, खिसा तसा का, गेल्या वेळचं बटण तुटलं. शिंप्याच्या धंद्यात अशा गिऱ्हाइकाशी भांडायचं नसतं, हे मला पहिल्या महिन्यात उस्तादानं शिकवलं होतं. "हो साहेब, बरोबर साहेब, बसा साहेब" म्हणायचं आणि मशीनवरचा पाय थांबू द्यायचा नाही. तो बोलत राहतो, शिवण पुढं सरकत राहते. तासाभरानं तो दमतो आणि शर्ट तयार असतो.

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. चाळीस वर्षं ही विद्या मी जगावर वापरली आणि घरच्या चोराला मोकाट सोडलं!

त्या संध्याकाळी पहिल्याच पायरीवर नकोबा सुरू झाला. "मास्तर, आज गुडघा..."

"हो साहेब," मी म्हटलं, आणि पाय उचलला.

"आज हवाही कोंदट आहे."

"बरोबर बोललात साहेब." दुसरा पाय.

"तुम्हाला हे जमणार नाही."

"शक्य आहे साहेब. बसा. चहा सांगू?"

मांजरानं मला पुढं निघून जाताना पाहिलं आणि त्याची झोप उडाली. त्या दिवशी मी साठाव्या पायरीवर बसलो. पुढच्या आठवड्यात सत्तराव्या. सहाव्या आठवड्यात, सांगतो ते खरं, शंभराव्या पायरीवर फक्त एकदा बसलो, तेही चपलेत खडा गेला म्हणून. बरं, खडा लहान होता.

आणि मग त्या टेपनं घात केला.

झालं असं की पहिल्या दिवशी मी माझी कंबर मोजून मापाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिली होती. चाळीस इंच. सहा आठवडे झाल्यावर म्हटलं, बघू तरी. मधल्या काळात बायकोनं मला नवी टेप आणून दिली होती, जुनीवरचे आकडे पुसट झाले होते म्हणून. "दुकान राहिलं तर वापरा," असंही ऐकवलं होतं. जुनी टेप खिळ्याला टांगलेली होती. मी नवी घेतली आणि कंबरेला गुंडाळली.

एक्केचाळीस.

पुन्हा मोजली. श्वास सोडून मोजली. पोट आत ओढून मोजली, तेव्हा साडेचाळीस आली आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. सहा आठवडे! रोज एकशे चौदा पायऱ्या! आणि वर एक इंच बक्षीस! अरे, झिजतात तरी दगडाच्या पायऱ्या! मी टेप भिरकावली, ती कोपऱ्यातल्या, कोट चढवायच्या पुतळ्याच्या गळ्यात पडली. पुतळा तेवढा बारीकच होता. मेला जन्मात एक पायरी चढला नाही.

नकोबा नुसता खाकरला.

पुढचे चार दिवस मी पायऱ्यांकडे पाठ फिरवली. लेकीच्या बसमध्ये पाय ठेवायची सोय नव्हती, म्हणून ती जाईपर्यंत थांबायचो आणि मागून येणाऱ्या बसमध्ये वर्तमानपत्रामागं तोंड लपवून बसायचो. ते उलटं धरलं होतं असं बायको म्हणते. तिला कुणी सांगितलं देव जाणे. जेवताना लेकीनं विचारलं, "कसं चाललंय बाबा?" मी म्हटलं, "छान." माझ्या खोटं बोलण्याची ख्याती पंचक्रोशीत आहे, पण हे खोटं मला गिळता येईना. घासासकट अडकलं.

लाँड्रीवाला मात्र खुशीत होता. "मास्तर, पायऱ्या सोडल्या म्हणे? नाहीतरी या वयात शरीर ऐकत नाही हो. तुमच्या जागेत मी वाफेची इस्त्री लावीन म्हणतो." अगदी नकोबाचाच आवाज. मला तर शंका आली, हा रात्री माझ्या डोक्यात राहतो आणि दिवसा लाँड्री चालवतो की काय!

पाचव्या दिवशी पोस्टमन आला. हा माणूस पंचवीस वर्षं त्याच पायऱ्या दिवसातून सहा वेळा चढतो. अंगावर चरबी शोधायची तर भिंग लागेल. त्याला नवी विजार हवी होती. मी टेप लावली.

"साडेचौतीस," मी म्हटलं.

"काय?" तो उडालाच. "कुणाची?"

"तुमची. दुसरं कोण आहे इथं?"

"मास्तर, तोंड सांभाळा! पंचवीस वर्षं माझी कंबर बत्तीस आहे! तुमच्याच वहीत लिहिलंय!"

वही काढली. बत्तीस. दरवर्षी बत्तीस.

"फुगलात थोडे. होतं असं."

"फुगलो?" त्यानं टोपी काढून टेबलावर आपटली. "सकाळपासून चार वेळा वर जाऊन आलोय! बायको म्हणते हवेनं उडून जाल, आणि तुम्ही म्हणता फुगलो? तुमची टेप फुगली असेल!"

मी हसणार होतो. हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थिजलं. खिळ्यावरची जुनी टेप काढली. नवी टेबलावर पसरली, तिच्याशेजारी जुनी. सुरुवातीची टोकं जुळवली. जुनीच्या अडतिसाशी नवीचा एक्केचाळीस येऊन उभा राहिला होता.

कापडी टेप. चाळीस वर्षं माझ्या गळ्यात लोंबली, रोज ताणली गेली आणि अर्धी वीत सैलावली. कुणाला पत्ता लागला नाही, कारण मी माणूसही तिनंच मोजायचो आणि कापडही तिनंच. दोन्हीकडे सारखंच चुकायचं, म्हणून कपडा अंगावर चोख बसायचा. मी चाळीस इंचांचा आहे असं ती मला तोंडावर सांगत होती आणि मी होतो त्रेचाळीसच्या पुढं! गळ्यात बांधून फिरवली तिला, आणि ही खुशमस्करी!

मी तिथल्या तिथं जुनी टेप कंबरेला लावली. अडतीस. म्हणजे सहा आठवड्यांत दोन इंच उतरलो होतो, आणि चार दिवस मी तोंड काळं करून बसमध्ये बसलो होतो!

"पोस्टमन," मी म्हटलं, "तुमची विजार फुकट."

"फुगलो नाही ना मी?"

"तुम्ही काडी आहात."

तो गेल्यावर मी नकोबाला हाक मारली. चार दिवस सारखा बोलत होता तो. "बोला की साहेब," मी म्हटलं, "एक इंच वाढला म्हणत होतात ना?" तो पुटपुटला, "पण खरे त्रेचाळीस होते, हे लाजिरवाणं नाही का?" बघा! हरला तरी हेका सोडत नाही. पण मलाही एक कळलं. टेप काहीही म्हणाली असती, शंभराव्या पायरीपर्यंत चढलेले पाय माझेच होते. ते मी दुसऱ्याच्या नावावर कशाला करायचे? मी दोन्ही टेपा खणात टाकल्या आणि दुकान बंद करून पायऱ्यांशी गेलो. चार दिवसांची सूट पायांनी वसूल केली, ऐंशीवर बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशीही.

ठरलेल्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटांनी लेकीची बस खालून निघाली. खिडकीतून ती म्हणाली, "थांबलात तर चालेल बाबा. बसायचं नाही." बायको वर दुकानाची किल्ली घेऊन उभी होती. आणि लाँड्रीवाला? तो माझ्या दुकानाच्या दारात पोलादी टेप लावून रुंदी मोजत होता! मी अजून तिसऱ्या पायरीवर होतो! मी वळून ओरडलो, "नीट मोजा! नंतर तुमची कंबरही मोजायचीय त्याच टेपनं!" हा राग मला पन्नासपर्यंत पुरला.

पुढं नकोबा सुरू झाला. त्या दिवशी त्यानं ठेवणीतलं सगळं काढलं. माझा बाप साठाव्या वर्षी गेला इथपासून काढलं. मी "हो साहेब" म्हणत गेलो. एक्क्याण्णवाव्या पायरीवर दोन्ही गुडघे एकदम वाकले. हात भिंतीला टेकला. पायरी समोर होती, अशी रुंद, अशी गार, बसायला बोलावणारी.

"कोण बघतंय?" तो हळूच म्हणाला. "मिनिटभर."

खरंच कुणी बघत नव्हतं. वळणामुळे वरून दिसत नव्हतं, खालूनही नाही. मी बसलो असतो आणि वर जाऊन नाही म्हणालो असतो, तर माझ्यासारख्या थापाड्याला ते अवघड नव्हतं. आयुष्यभर मी यापेक्षा मोठ्या थापा पचवल्यात. मी भिंतीला धरून उभा राहिलो. वीस श्वास मोजले. मग पाय उचलला, आणि "बरोबर आहे साहेब" एवढं म्हणायलाही दम उरला नव्हता, म्हणून ते राहिलंच.

वर पोचलो तेव्हा बस आली होती की नव्हती यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मी म्हणतो, मी आल्यावर बस आली. लेक म्हणते, तिनं इंजिन बंद करून अख्खा पेरू खाल्ला. बायकोनं काहीच विचारलं नाही. माझ्या विजारीच्या बैठकीवर धूळ आहे का ते वाकून पाहिलं, हातानं झटकून पाहिलं, आणि किल्ली माझ्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुकानाला कुलूप लावत होतो. समोर बस थांबली. दार उघडलं. लेक हसत होती.

"या बाबा. जिंकलात. आता बसा, पुढची सीट ठेवलीय तुमच्यासाठी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन महिने माझे गुडघे फोडले, भर बाजारात हसं केलं, आणि आता सीट? मला?

"दार लाव!" मी ओरडलो. "लोकांचा खोळंबा होतोय!"

मागची माणसं पुन्हा हसली. मी पाठ फिरवून पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तोच नकोबा बोलला, "मास्तर, किल्ली तर मिळाली. आज काय गरज आहे?"

"या साहेब, या," मी म्हटलं. "चालता चालता बोलू."