बाजूला काढलेली बॅग

मी एक जुनी निळी बॅग आहे, मित्रांनो. हाताने ओढायची, चाकांची. माझ्या बाई विमानात प्रवाशांची देखभाल करत. आमच्या दोघींचा एकत्र शेवटचा दिवस गुरुवारचा होता, म्हणून तिथूनच सांगते.

बाईंची नोकरी एका शहरात आणि घर दुसऱ्या शहरात. चार दिवसांची ड्युटी संपवून त्या घरी निघाल्या होत्या. दुपारी त्यांच्या मुलीला स्वतःच्या नव्या घराची किल्ली मिळणार होती.

"मी आल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही हं," त्यांनी सकाळी फोनवर बजावलं.

"आधी ये तर खरी," मुलगी म्हणाली.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझी चेन शंभर वेळा ओढून पाहिली आणि मगच मला बाहेर सोडलं. बाईंनी दुकानात मला उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "दणकट आहे, चालेल." पुढे एकोणीस वर्षं आम्ही बरोबर होतो. नव्या मुलींना त्या मला उघडून दाखवत, "अशी भरायची. बाटल्यांची पिशवी वर. तपासणीत शोधाशोध नको." तेव्हा माझी छाती फुगत असे. पुढे माझं एक चाक कुरकुरू लागलं. "बघू गं सुट्टीत," असं म्हणत त्यांनी तीन वर्षं काढली. स्वतःच्या छातीत दुखे, तेव्हाही त्या हेच म्हणत.

ड्युटीवर असताना आम्ही कर्मचाऱ्यांच्या छोट्या दारातून पाच मिनिटांत आत जात असू. पण कामाला जाताना किंवा घरी परतताना बाई साध्या प्रवासी ठरत, आणि त्याही रिकामी जागा उरली तरच बसायला मिळणाऱ्या. मग मोठी रांग. बूट काढा, पट्टा काढा, हात पसरा. गणवेशातल्या बाईंकडे लोक टकामका बघत. ही सवय इतकी अंगात भिनली, की घरी आल्यावरही त्या दारातच घड्याळ आणि कानातले काढून ताटलीत ठेवत. त्यांचे यजमान विचारत, "मी पण हात वर करून उभा राहू का?"

त्या रांगेत किती विमानं सुटली, मी मोजलं नाही. मुलगी शाळेच्या नाटकात राणी झाली, त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा शिपाई खुर्च्या आवरत होता. घरी बाई एवढंच म्हणत, "उशीर झाला गं." चारचौघांत अंग चाचपून घेतल्याचं लेकीला सांगायची त्यांना लाज वाटे. मुलगीही हळूहळू विचारेनाशी झाली.

त्या गुरुवारी छोट्या दारावरच्या माणसाने विचारलं, "ड्युटीवर आहात?"

"आत्ताच संपली."

"मग तिकडून."

रांग पुढे सरकली. मी यंत्रातून गेले आणि पट्टा थांबला. मला बाजूला काढलं. आत लेकीच्या नावाची पितळी पाटी होती. ती दाराला आपल्याच हाताने लावायची म्हणून बाईंनी चार स्क्रू आणि वीतभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घेतला होता. नियमांची यादी पाठ असलेली बाई, पण त्या सकाळी ती फक्त आई होती.

"मॅडम, तुम्हाला पण नियम मी सांगायचे?" तपासणीवरची अधिकारी थकलेल्या आवाजात म्हणाली.

"अहो, विमानात संकटकाळासाठी ठेवलेली कुऱ्हाड कुठे असते ते मला ठाऊक आहे, आणि मी हा घेऊन काय करणार?" बाई हसल्या. मग त्यांचं हसू मावळलं. "ठेवून घ्या. पण लवकर करा हो, माझी लेक वाट बघतेय."

मला पूर्ण रिकामं केलं. प्रत्येक कपडा झटकला. फॉर्म भरला. आम्ही धावत पोचलो तेव्हा विमानाचं दार लागलं होतं.

बाईंनी फोन लावला. "दुपारच्या विमानाने येते गं."

"आई, जगाला वेळेवर पोचवतेस. घरी कधी पोचणार?" तिकडून फोन बंद झाला.

बाई खुर्चीत बसल्या. माझ्या दांड्यावर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले. दुपारच्या विमानाची घोषणा झाली, पुन्हा झाली. त्या उठल्या नाहीत. डॉक्टर आले, पण त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आठ दिवसांनी बाईंची धाकटी सहकारी मला नव्या घरी घेऊन आली. त्या गुरुवारी तपासणीच्या रांगेत ती बाईंच्या मागेच उभी होती. तिने मुलीला सगळं सांगितलं, बाईंनीच कधीतरी तिला सांगितलेल्या नाटकाच्या दिवसापासून. "ताई कधीच उशिरा निघाल्या नाहीत. दर वेळी पहिल्या निघायच्या."

मित्रांनो, मला चाक दुरुस्त करून मिळालं नाही, त्याचं काही वाटत नाही. पण तुमच्या घरी कुणी उशिरा आलं, तर आधी पाणी द्या आणि मग विचारा, वाटेत काय झालं. विचारल्याशिवाय काही माणसं सांगत नाहीत.

सहकारी गेल्यावर मुलीने दार लावलं. घरात अजून सामान नव्हतं. ती माझ्याजवळ जमिनीवर बसली. मग रिकाम्या खोलीत ती मोठ्याने म्हणाली,

"आई, नाटकात मी एक वाक्य गाळलं होतं. ते तू आल्यावर म्हणणार होते. मी दाराकडेच बघत होते गं. मला तू खूप हवी होतीस."